दूध संकलनाच्या ॲपमुळे फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात. दोष नेमका कुठे शोधावा?

संकलक, सत्तरी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या दूध संस्थेची केरी, ठाणे आणि होंडा येथे संकलन केंद्रे आहेत. पूर्वी दुधाची नोंद वहीत होत असे. आता ती बाहेरच्या एका विक्रेत्याकडून घेतलेल्या अँड्रॉइड ॲपमध्ये होते. हे ॲप ब्लूटूथने वजनकाट्याला आणि पावती छापणाऱ्या छोट्या प्रिंटरला जोडलेले असते. काट्यावरचा आकडा ते स्वतः उचलते, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक) आम्ही हाताने भरतो आणि वाद होऊ नये म्हणून फॅट यंत्राच्या पडद्याचा फोटोही त्यातच काढून ठेवतो.

ॲपची नवी आवृत्ती आल्यापासून सकाळच्या संकलनात फोन मध्येच काळा पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. केरीच्या फोनला हे बहुतेक वेळा संकलन संपत आल्यावर होते, होंड्याच्या फोनला कधीही होते आणि ठाण्याच्या फोनवर फोन चालू राहतो, पण ॲप अचानक बंद पडते. फोन तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे असून होंड्याचा सर्वांत जुना आहे, ठाण्याचा सर्वांत नवा. विक्रेत्याचे म्हणणे असे की दोष फोनचा आहे, तर फोन विकणारा दुकानदार ॲपकडे बोट दाखवतो. फोन फॅक्टरी रीसेट करून पाहावा असा सल्ला दोघांनीही दिला. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) शेतकऱ्यांचा हिशोब चुकता करायचा असल्यामुळे नोंदी गमावणे आम्हाला परवडणार नाही. एखादे ॲप संपूर्ण फोन पाडू शकते का, आणि शकत असल्यास ते सिद्ध कसे करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विकासक, पर्वरी

सर्वप्रथम एक विनंती. फॅक्टरी रीसेट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका आणि सेटिंग्जमधील ‘क्लिअर डेटा’ हे बटणही दाबू नका. सत्तरीत अनेक ठिकाणी नेटवर्क जेमतेम असते, त्यामुळे सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी फोनमध्येच साठलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. या तिन्ही उपायांनी त्या पुसल्या जातील. ‘क्लिअर कॅश’ केल्याने नोंदी सहसा जात नाहीत, पण आपल्या तक्रारीवर तिचा उपयोगही होणार नाही. शिवाय रीसेट केल्याने जो पुरावा आपल्याला हवा आहे तोच नष्ट होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रक्रियेत आणि स्वतंत्र युजर आयडीखाली चालते. त्याला दुसऱ्या ॲपच्या किंवा सिस्टिमच्या मेमरीत हात घालता येत नाही. त्यामुळे ॲप चुकले तर ते स्वतः बंद पडावे, फोनने पडू नये, अशीच रचना आहे. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यूचे, म्हणजे ॲपच्या आत वेबपाने दाखवणाऱ्या भागाचे, एक सदोष अपडेट आले, तेव्हा जीमेलसह कितीतरी ॲप्स उघडताक्षणी बंद पडू लागली, पण फोन चालूच होते. ठाण्याच्या फोनवर जे घडते ते या रचनेला धरूनच आहे. केरी आणि होंडा येथे मात्र ॲपच्या खालचा एखादा थर पडतो आहे, आणि तो कोणता हे ठरवल्याशिवाय विक्रेत्याशी किंवा दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

असे तीन थर धरता येतात. पहिला म्हणजे अँड्रॉइडचा ‘सिस्टिम सर्व्हर’, ज्याच्या आधाराने सगळी ॲप्स चालतात. तो कोसळला, किंवा त्याचा एखादा महत्त्वाचा धागा (थ्रेड, म्हणजे आत स्वतंत्रपणे चालणारे काम) सुमारे ६० सेकंद अडकून राहिला आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या ‘वॉचडॉग’ने सिस्टिम सर्व्हरला मारले, तर सर्व ॲप्स बंद होऊन अँड्रॉइड नव्याने उभे राहते. याला सॉफ्ट रीबूट म्हणतात. त्याखालचा थर म्हणजे लिनक्स कर्नल, अर्थात सिस्टिमचा गाभा, आणि त्यातील ड्रायव्हर, म्हणजे फोनचे सुटे भाग चालवणारे सॉफ्टवेअर. ब्लूटूथ, कॅमेरा किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये दोष असेल तर ॲपची एखादी साधी मागणीही तो उघडा पाडू शकते. सर्वांत खाली वीजपुरवठा, म्हणजे बॅटरी आणि चार्जिंगचे सर्किट.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सॉफ्ट रीबूटमध्ये फोन बनवणाऱ्या कंपनीचे पहिले स्थिर चिन्ह दिसत नाही, थेट चालते चित्र सुरू होते आणि फोन तुलनेने लवकर हाताशी येतो. याहून खात्रीची खूण ‘अप टाइम’, म्हणजे फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ, ही होय. सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’ आणि त्याखाली ‘स्टेटस’ येथे ती बहुतेक फोनमध्ये सापडते. सॉफ्ट रीबूटमध्ये कर्नल चालूच राहत असल्यामुळे ही वेळ शून्यावर येत नाही, पूर्ण रीबूटमध्ये ती नव्याने मोजली जाते. दोन्ही फोनची ही वेळ, घटना घडल्याबरोबर, पाहून येथे कळवावी.

दुरुस्तीवाला, फोंडा

पर्वरीच्या बंधूंनी वीजपुरवठा सर्वांत शेवटी मांडला, पण माझ्या कामाच्या टेबलावर तो बहुधा सर्वांत आधी येतो. जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. अशा वेळी पडद्यावर ४० टक्के दिसत असले तरी एकदम जास्त करंट ओढला गेला की व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि फोन जागच्या जागी बंद होतो. ब्लूटूथ, पूर्ण उजेडाचा पडदा, कमकुवत सिग्नलमुळे जोर लावणारा मोडेम आणि त्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश, हे सर्व एकाच क्षणी आले म्हणजे जुन्या बॅटरीची खरी परीक्षा होते. त्यामुळे होंड्याचा फोन ‘कधीही’ बंद पडतो असे न लिहिता, तो नेमके काय करताना बंद पडला हे संकलकाने त्या त्या वेळी टिपून ठेवावे.

आणखी एक विचारतो. पावसाळ्यात आपण फोन कशात ठेवता? आमच्याकडे दूध आणि मासळीच्या व्यवसायातील फोन येतात ते बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेले असतात. पाणी आत जात नाही हे खरे, पण उष्णताही बाहेर पडत नाही, आणि ओल्या हाताने चार्जर लावल्यामुळे चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज धरलेला असतो तो वेगळाच. तापमान मर्यादेबाहेर गेले की फोन स्वतःला बंद करतो, आणि तेव्हा ॲपचा काही संबंध नसतो.

शिक्षक, डिचोली

ॲप आणि सिस्टिम यांपैकी दोष कोणाचा, हा वाद नवा नाही. २ डिसेंबर २०१७ रोजी जगभरातील आयफोन वारंवार रीस्टार्ट होऊ लागले होते. कारण निघाले ते असे की ज्या ॲप्सनी ठरावीक काळाने येणाऱ्या सूचना लावून ठेवल्या होत्या, त्यांच्या सूचना त्या तारखेला हाताळताना आयओएस ११ ची एक चूक उघडी पडत होती. ॲप्सनी काही वावगे केले नव्हते. ॲपलने तातडीने ११.२ ही आवृत्ती काढून ती चूक दुरुस्त केली. २०२० मध्ये एका तळ्याचे छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १० चे अनेक फोन पुन्हा पुन्हा बंद पडत होते. त्या चित्राची रंगव्यवस्था सिस्टिमला हाताळता आली नव्हती. तेव्हा ‘ॲप लावल्यावर बिघडले म्हणजे ॲपचाच दोष’ हा विक्रेत्यापुढे मांडायचा युक्तिवाद पुरेसा नाही.

फोन सेफ मोडमध्ये चालवून पाहावा, असे मी सुचवीन. त्यात बाहेरून घेतलेली सर्व ॲप्स बंद राहतात.

विकासक, पर्वरी

सेफ मोड जरूर पाहावा, मात्र त्याचा निष्कर्ष जपून काढावा. सेफ मोडमध्ये फोन शांत राहिला, तरी ॲप दोषी ठरत नाही. त्या वेळी ब्लूटूथ, कॅमेरा, फ्लॅश यांपैकी कशाचाच भार नसतो, म्हणून थकलेली बॅटरीसुद्धा निमूट चालते. उलट सेफ मोडमध्येही फोन बंद पडला तर ॲप निर्दोष आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

संकलक, सत्तरी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. केरीचा फोन सकाळी संकलनाच्या शेवटी पडला तेव्हा कंपनीचे चिन्ह दिसले नाही आणि अप टाइम कित्येक दिवसांचा होता तो तसाच पुढे चालू राहिला. होंड्याच्या फोनवर चिन्ह दिसते आणि अप टाइम शून्यापासून सुरू होतो. तेथील संकलकाने टिपणे ठेवली, त्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी फॅट यंत्राचा फोटो काढतानाच फोन गेला आहे. पहाटे उजेड कमी असल्यामुळे फ्लॅश आपोआप लागतो. प्लास्टिकच्या पिशवीबद्दलचा अंदाजही खरा आहे. फोन चार्जिंगला लावून तेच काम केले तर तो बंद पडत नाही.

केरीच्या फोनबद्दल एक निरीक्षण असे की गाई-म्हशींचे दूध कमी येते त्या दिवशी, म्हणजे संकलन लवकर आटोपते तेव्हा, तो पडत नाही. सेफ मोडमध्ये तो अडचणीविना चालला.

विकासक, पर्वरी

म्हणजे एकाच तक्रारीखाली दोन वेगळे दोष आहेत. होंड्याचे फोंड्याच्या बंधूंकडे सोपवतो.

केरीचे निरीक्षण फार मोलाचे आहे. जो बिघाड ठरावीक कृतीने न होता काम किती वेळ चालले यावर अवलंबून असतो, तेथे काहीतरी साचत जात आहे असे समजावे. माझा तर्क सांगतो. ॲपला काट्यावरचा आकडा बदलला की कळावे म्हणून ते सिस्टिमकडे एक ‘ऑब्झर्व्हर’ किंवा ‘लिसनर’ नोंदवते. काम झाल्यावर ती नोंद काढून टाकायची असते. नव्या आवृत्तीत प्रत्येक आकड्यागणिक नवी नोंद होत असेल आणि जुनी निघत नसेल, तर काटा सेकंदाला अनेक वेळा आकडा पाठवत असल्यामुळे काही तासांत हजारो नोंदी साचतात. या नोंदींपायी सिस्टिम सर्व्हरला जे संदर्भ धरून ठेवावे लागतात त्यांच्या तक्त्याची मर्यादा ५१,२०० इतकी आहे. वहीची पाने संपावीत तसा तो तक्ता भरला की सिस्टिम सर्व्हर कोसळतो आणि त्याच्याबरोबर सगळे अँड्रॉइड. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यावर एक पहारा बसवलेला आहे. एकाच ॲपकडून असे सुमारे ६,००० दुवे आले की सिस्टिम त्या ॲपलाच मारून टाकते. ठाण्याचा नवा फोन चालू राहतो आणि ॲप तेवढे बंद पडते, याचे स्पष्टीकरण यात मिळते असे मला वाटते.

हा तर्क पुराव्याने तपासता येतो. ‘अबाऊट फोन’मधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारल्यास ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यात ‘टेक बग रिपोर्ट’ आहे. केरीचा फोन पडून उठल्याबरोबर, दुसरे काहीही न उघडता, तो अहवाल घ्यावा. उशीर झाल्यास जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. त्या फाइलमध्ये ‘ग्लोबल रेफरन्स टेबल ओव्हरफ्लो’ असा मजकूर सिस्टिम सर्व्हरच्या नावापुढे सापडला तर प्रश्न मिटला. त्याऐवजी ‘वॉचडॉग’ हा शब्द आढळला तर माझा तर्क सोडून द्यावा आणि कोणता धागा अडकला होता ते पाहावे. ही फाइल येथे उघडपणे टाकू नका. तिच्यात फोनवरील खात्यांची नावे, वायफायची माहिती आणि आणखी बरेच खासगी तपशील असतात. ती केवळ विक्रेत्याच्या तांत्रिक विभागाला पाठवावी.

दुरुस्तीवाला, फोंडा

चार्जिंगवर असताना फोन पडत नाही, एवढ्यावरून होंड्याच्या फोनची बॅटरी गेली असे मी धरून चालतो. बॅटरी बदलून घ्यावी आणि बदलताना चार्जिंगची खाच साफ करून घ्यावी. तोपर्यंत ॲपमधील फ्लॅश बंद करून यंत्रावर एक बल्ब लावला तरी काम भागेल. फोनची पाठ किंचित वर आलेली किंवा पडदा कडेने सुटलेला दिसत असेल, तर मात्र बॅटरी फुगलेली आहे. मग तो फोन चार्जिंगला लावून चालवू नये आणि घरी उघडण्याचाही प्रयत्न करू नये. पिशवीऐवजी वर छत असलेला लाकडी स्टँड करून घ्या.

संकलक, सत्तरी

केरीचा अहवाल घेतला. त्यात सिस्टिम सर्व्हरच्या नावापुढे आपण म्हणता तोच ओव्हरफ्लोचा मजकूर आहे, आणि त्याखाली आमच्या ॲपचे नाव असंख्य वेळा आले आहे. फाइल विक्रेत्याकडे पाठवली. आता ‘फोनचा दोष’ हे उत्तर त्यांनी मागे घेतले असून सुधारित आवृत्ती देऊ असे कळवले आहे, दिवस मात्र सांगितलेला नाही. होंड्याच्या फोनची बॅटरी बदलली, त्यानंतर तो बंद पडलेला नाही. सुधारित आवृत्ती येईपर्यंत केरीला काय करावे?

विकासक, पर्वरी

ॲपची प्रक्रिया मेली की तिच्या नावावरच्या नोंदी सिस्टिम सर्व्हर स्वतः काढून टाकतो. म्हणून संकलनाच्या मध्यावर, रांग थोडी ओसरली असताना, चालू पावती पूर्ण करून ॲप ‘फोर्स स्टॉप’ करावे आणि पुन्हा उघडावे. फोर्स स्टॉपने साठलेल्या नोंदी जात नाहीत. अलीकडील ॲप्सच्या यादीतून नुसते सरकवून बंद केलेले पुरेसे नाही, कारण प्रक्रिया मागे जिवंत राहू शकते. काटा आणि प्रिंटर पुन्हा जोडले गेल्याची खात्री करूनच पुढचे दूध घ्यावे. ठाण्याच्या फोनलाही हेच लागू आहे, आणि तेथे ॲप बंद पडण्याच्या क्षणी अर्धवट राहिलेल्या पावत्या चवथीच्या हिशोबापूर्वी हाताने ताडून पाहाव्यात.