सड्यावर गाडी बिघडली तर? सोबत कोणती हत्यारं न्यावीत?

खाडीकाठ
मंडळी, डिसेंबरात आम्ही तिघे दोन गाड्या घेऊन निघतोय. राजापूरहून नाटे-जैतापूरकडे, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, कच्च्या वाटा धरत विजयदुर्गपर्यंत. माझी 2014ची डिझेल इंजिनवाली थार सीआरडीई, दुसरी मित्राची बोलेरो. व्हिडिओ बघून बघून पेटी भरली आणि काल काजूच्या काट्यावर ठेवली, तर 34 किलो! 94 नगांचा गोटीसंच (सॉकेट सेट) आहे, उंच उचलणारा हायलिफ्ट जॅक आहे, हातोडेच दोन आहेत. बायको विचारते, माणसं टपावर बसणार का? काय काढू?

धुरळा
भाऊ, काही काढू नका. जे काढाल तेच लागेल. माझ्या गाडीत वेल्डिंगचा रॉडसुद्धा असतो.

सडेकर
रॉड आहे, पण वेल्डिंग येतं का? असो.

खाडीकाठ, पेटी घरी ठेव आणि पिशवी ने. माझी एमएम 540 जीप आहे. बागेतून आंब्याच्या पेट्या वाहून तिची हाडं न् हाडं मला पाठ झालीत. तरी तीन वर्षांमागं देवाचे गोठण्याच्या बाजूला सड्यावरून उतरताना फजिती झालीच. मागच्या डाव्या पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, सेंटर बोल्ट तुटला. आवाज एवढाच, टण्ण. उतरून बघतो तर अॅक्सल तीन बोटं मागे सरकलेला आणि टायर मडगार्डला घासतोय.

स्पेअर बोल्ट होता, संच तर तुझ्याहून मोठा, 108 नगांचा. पाटा आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या नटाला गोटी लावली, बसेना. नटाबाहेर आटे दीड इंच आलेले. गोटी आखूड, तिचा तळ आट्यांना टेकतो आणि नट तोंडाशीच राहतो. लांब गोटी हवी किंवा रिंग पाना, आणि त्या मापाचं दोन्ही नव्हतं. 108 नग! भर उन्हात खालच्या वाडीत चालत गेलो. तिथे पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून एक जुना रिंग पाना मागून आणला. जाऊन येऊन अडीच तास, काम मात्र चाळीस मिनिटांचं.

तेव्हापासून यादी बघून पिशवी भरत नाही. गाडी अंगणात लावायची आणि वाटेत जे जे दगा देऊ शकतं ते एकदा स्वतःच्या हाताने सोडून परत बसवायचं. चाक, फॅन बेल्ट, बॅटरीचं टर्मिनल, रेडिएटरच्या होजचा क्लॅम्प, शॉक अब्सॉर्बर. ज्या पान्याने नट सुटला तोच पिशवीत जातो, बाकीचे भिंतीवर. तुझ्या थारलाही मागे पाटेच आहेत, तेव्हा यू बोल्ट विसरू नकोस. माझे अकरा पाने झाले. वर पक्कड, ग्रिप पक्कड, बाइंडिंग वायर, फॅन बेल्ट, दोन क्लॅम्प, सेंटर बोल्ट आणि भेगा बुजवायचं एमसील. एमसील ओल्या किंवा तेलकट जागी धरत नाही, आधी घासून कोरडं कर.

हायलिफ्ट काढ. एकटाच बारा-तेरा किलोचा असतो आणि कंपनीच्या बंपरला लावलास तर गाडीआधी बंपर वर येईल. गाडीसोबतचा जॅक पुरे, पण त्याखाली जांभ्याचा चिरा ठेवू नकोस. भिंतीत तो पिढ्यान्पिढ्या टिकतो, जॅकखाली मात्र एकाच जागी भार आला की फुटतो. फणसाची फळी ठेव, फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाड. आणि गाडीखाली शिरण्याआधी काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकव.

तारयंत्री
सडेकर काकांशी सहमत. फक्त विजेचं राहिलं. टेस्ट लॅम्प, फ्यूज, दोन मीटर वायर, टेप. सीआरडीईला कॉम्प्युटर आहे, त्यामुळे ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, ठेवा, मुठीत मावतो. चेक इंजिनचा दिवा लागला की निदान कोड तरी कळतो.

खाडीकाठ
काका, रविवारी अंगणात बसलो. पहिलाच धक्का चाकाचा! गॅरेजवाल्याने हवेच्या गनने नट असे आवळलेत की गाडीसोबतचा पाना वाकला. शेवटी दोन फुटी पाइप लावून उभा राहिलो तेव्हा एकेक नट किंचाळत सुटला. पाइप पिशवीत गेला. 94 पैकी सात गोट्याच लागल्या, यू बोल्टसाठी लांब गोटी वेगळी घेतली. आता वजन 12 किलो, पंक्चर किट आणि कंप्रेसर धरून.

दोन प्रश्न. खाऱ्या वाऱ्याने पाने गंजतात त्याला काय करता? आणि एखाद्या पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूत, गाडी उतरवली तर हवा किती ठेवायची?

सडेकर
प्लास्टिकच्या पेटीत घाम धरतो. जुन्या पंच्याला इंजिन ऑइलचा हात फिरव, त्यात पाने गुंडाळ आणि वर तरटाची पिशवी. माझी पक्कड एका पावसाळ्यात अशी धरली की जबडा उघडायला हातोडी लागली, तेव्हा शहाणा झालो.

पंक्चर किट टायरच्या माथ्यावरच्या भोकाला. जांभ्याच्या धारेने टायरची बाजू चिरली तर स्ट्रिप धरत नाही, तिथे स्टेपनीच. म्हणून स्टेपनीची हवा आधी तपास.

वाळूत लोक 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवतात, पण पुळणीवर तू जाऊच नकोस. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि रुतलेल्या गाडीला पाना काय करणार? भरती थांबत नाही. भरतीची वेळ काढायला आमचे खलाशी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. पुढे रोज साधारण पाऊण तासाने उशिरा.

आणि सड्यावरही मळलेली वाट सोडू नकोस. तिथे कातळात कोरलेली जुनी चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, आहेत; ती 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात देवाचे गोठणे, बारसू, कशेळी, देवीहसोळ सगळी आपली. मातीने झाकलेली असली तर चाक वर गेल्यावरही कळत नाही.

फळी विकत घेऊ नकोस. निघताना जवाहर चौकात थांब, माझ्याकडे फणसाच्या दोन आहेत. एक देतो, पण परत आणून दे.