मदत हवी आहे : बाळाला पाजायचं कसं, हे आधीच कुठे शिकलात?

मंडळी, आठवा महिना सरत आलाय. गर्भसंस्कार नको, प्रात्यक्षिक हवं म्हणून एका वर्गाला नाव घातलं. कळा, श्वास, टाके यांवर भरपूर बोलणं झालं, पण पाजण्यावर जेमतेम दहा मिनिटं. कापडी बाहुली हातोहात फिरली. माझ्याकडे आली तेव्हा बघते तर तिचं तोंड शिवलेलं! 'बाळानं मोठा आ केला की जवळ घ्या' हे तिच्यावर कसं शिकायचं?

वाचून एवढं कळलंय : जन्मानंतर तासाभरात पाजायला घ्यायचं, चीक (सुरुवातीचं घट्ट, पिवळसर दूध) टाकायचा नाही, ६ महिने फक्त दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सुरुवातीला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. रडणं ही भुकेची उशिराची खूण. त्याआधी बाळ मुठी चोखतं, तोंड वळवून शोधतं. आणि नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात जायला हवा.

अडतंय ते पुढे. बाळाची स्तनावरची पकड चुकतेय हे तुम्हाला कशावरून कळलं? पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ ओले लंगोट म्हणजे दूध पुरतंय म्हणतात, पण डायपरमध्ये ते मोजायचं कसं?

नवरा विचारतोय, ढेकर काढण्यापलीकडे रात्री त्यानं काय करायचं? (विचारतोय हेच खूप.) वरचं दूध द्यावं लागलंच, तर ते बनवायला तुम्हाला नीट कोणी शिकवलं? स्तनपान सल्लागाराला बाळंतपणाआधीच भेटलात का? उपयोग झाला?