'रोड ट्रेन'ला मराठीत काय म्हणावं?

ऑस्ट्रेलियातल्या मालवाहतुकीवर लिहितोय. पुढे एक इंजिन, मागे एकाला एक जोडलेले दोन-तीन ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तिथे याला 'रोड ट्रेन' म्हणतात. 'रस्त्यावरची आगगाडी' लिहिलं तर वाचक रूळ शोधत बसेल. दुसरं काही सुचतंय का?

— सरळ 'ट्रेलर' लिहा की.

— घोळ होईल. बोलताना आपण अख्ख्या गाडीलाच ट्रेलर म्हणतो, पण इथे एकाच गाडीला तीन ट्रेलर आहेत. मग 'ट्रेलरचा तिसरा ट्रेलर' लिहिणार का?

— 'तांडा' कसा वाटतो? ट्रक येण्याआधी तिथल्या वाळवंटी भागात माल उंटांच्या तांड्यांवरूनच जायचा. 'ट्रेन' हा शब्दही मुळात ओढण्यावरून, एकामागून एक चालणाऱ्या रांगेवरून आलाय. रूळ नंतर आले.

— व्युत्पत्ती पटली, तांडा नाही पटला. तांड्यातला प्रत्येक उंट आपल्या पायांनी चालतो. इथे जोर एकट्या इंजिनाचा, बाकीचे नुसते ओढले जातात. २००६ साली क्वीन्सलंडमध्ये विक्रमासाठी एकाच इंजिनाला ११२ ट्रेलर जोडून जेमतेम शंभर मीटर चालवले होते. जवळजवळ दीड किलोमीटरची रांग, तरी तो तांडा नव्हेच.
मला 'माळगाडी' आवडेल: ट्रेलरांची माळ, शिवाय धावते ओसाड माळावरून. अडचण एवढीच की छापताना मुद्रितशोधक हमखास 'मालगाडी' करणार.

— शब्द कुठलाही घ्या, सांधा नीट दाखवा. पहिला ट्रेलर इंजिनाच्या पाठीवर टेकतो. दुसऱ्याला टेकायला पाठ नाही, म्हणून मध्ये चाकांची एक बुटकी गाडी घालतात, ती 'डॉली'. प्रत्येक सांध्यागणिक हेलकावा वाढतो. पुढे स्टीअरिंग जरासं हललं तरी शेवटचा ट्रेलर चांगलाच झुलतो. ओव्हरटेक करणाऱ्याने जपायचं ते त्याच्यापासून. आणि 'बी-डबल'ला रोड ट्रेन म्हणू नका. त्यात दुसरा ट्रेलर थेट पहिल्याच्या मागच्या टोकावर टेकतो, डॉली नसते. लांबीही २६ मीटरच्या आसपासच.

— मग 'रोड ट्रेन'च ठेवतो, पहिल्या उल्लेखाला 'ट्रेलरांची माळ ओढणारी मालमोटार' असा खुलासा देतो. डॉलीला डॉलीच. आता लिंग सांगा, ट्रक 'तो' आणि ट्रेन 'ती'.

— ती. 'रोड ट्रेन आला' कानाला सहन होणार नाही.