पवनचक्क्यांची घाई आणि घाईला होणारा राजकीय विरोध

रंकाळाकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पवनऊर्जेवर मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि वाचन करताना एका मुद्द्यावर मी अडकलो आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा बदलला. त्यानुसार आधीच निवडून ठेवलेल्या क्षेत्रांत जमिनीवरील पवन प्रकल्पांना साधारण १२ महिन्यांत परवानगी मिळावी, अशी मुदत घालण्यात आली. जर्मनीने २०३२ पर्यंत देशाची २ टक्के जमीन पवनऊर्जेसाठी राखण्याचे कायद्यानेच ठरवले. या गतीला तेथील काही पक्ष उघड विरोध करतात आणि त्यावर मतेही मिळवतात.

आता आपल्याकडे पाहू. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला आपल्या जिल्ह्याने केलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे. उद्या शाहूवाडी किंवा पन्हाळ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांसाठी अशीच घाई झाली, तर तिला विरोध करणारा पुढारी कोळशाची पाठराखण करतो, असे म्हणायचे का? की घाईला विरोध आणि पवनऊर्जेला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

सह्यकडा

वेगळ्याच आहेत, परंतु त्या आधी आपल्या प्रश्नातील एक गृहीतक तपासावे लागेल. युरोपात परवानगीआधीची पर्यावरण तपासणी आणि सुनावणी ही जी पायरी लहान करण्यावरून भांडण आहे, ती आपल्याकडे मुळात नाहीच. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावरील परिणाम आधी तपासण्याच्या नियमांच्या) परिशिष्टात पवन प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे खासगी जमिनीवर शंभर पवनचक्क्या उभ्या राहणार असल्या, तरी त्या अधिसूचनेनुसार ना पूर्वमंजुरी लागते, ना जनसुनावणी. जमीन वनखात्याची असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आड येतो आणि अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळ. बाकी मोकळे रान.

म्हणून तिकडचा विरोधक ‘सुनावणी काढून घेऊ नका’ म्हणतो, तर इकडच्या विरोधकाला ‘सुनावणी सुरू करा’ म्हणावे लागते. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात मोठे पवन प्रकल्प नकोत, असे सुचवले होते. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन गटाची भूमिका एकूण मवाळ होती, तरीही पवन प्रकल्प या अधिसूचनेखाली आणावेत, असे त्यानेही म्हटले. गाडगीळ अहवालाला आपल्या भागातील बहुतेक सर्व पक्षांनी मिळून विरोध केला, हे मात्र अभ्यासमंडळात सांगायला विसरू नका. आज पठारांच्या काळजीने बोलणारे काही आवाज तेव्हा नेमके दुसऱ्या बाजूला होते.

सड्यांना, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांना, ‘पडीक’ म्हणण्याची आपली सवयही यात गोवलेली आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, त्यामुळे तेथे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वागण्यातही फरक पडला. पवनचक्क्या पाडाव्यात, असा याचा अर्थ मी काढत नाही; पठार रिकामे नसते, एवढाच काढतो.

शाहूवाडीकर

वरील मुद्दा बरोबर आहे, पण आमच्याकडे प्रकल्प येतो तो अधिसूचनेच्या वाटेने येत नाही, एजंटाच्या जीपमधून येतो. डोंगरावरचा सातबारा सामाईक असतो, निम्मे हिस्सेदार मुंबईला असतात, आणि गावातल्या चुलत्याला कळायच्या आत मुंबईच्या पुतण्याची सही झालेली असते. आमच्या भावकीत हेच घडले. त्यानंतर वीज वाहून नेणाऱ्या मनोऱ्यांची लाईन आली. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देऊ शकते, आणि ते दिल्यावर शेतमालकाची संमती लागत नाही, केवळ नुकसानभरपाई द्यावी लागते, हे आम्हाला खांब रोवल्यावर समजले. केंद्राने जून २०२४ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीला तिच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्याला ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक सूचना काढली आहे; ती छापून सोबत ठेवावी, कारण समोरचा माणूस ती आपणहून सांगत नाही.

पुढाऱ्यांविषयी विचाराल, तर ते दोनदा येतात. एकदा विरोध करायला आणि एकदा रस्त्याचे, खडीचे काम मागायला.

निवृत्त वीज अभियंता

शाहूवाडीकरांचा अनुभव मी नाकारत नाही. मात्र विरोधाची किंमतही मांडली पाहिजे. महाराष्ट्रातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता सुमारे ५ हजार मेगावॉट आहे, आणि सह्याद्रीवरचा वारा मुख्यतः पावसाळ्यात, म्हणजे ऊसाचे पंप बंद असताना, जोरात वाहतो. त्यामुळे ‘आमच्या डोंगरावर वीज तयार होते, मग उन्हाळ्यात आम्हाला पंपाच्या विजेची रात्रीची पाळी का?’ हा सभेत हमखास टाळ्या घेणारा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या कच्चा आहे.

घाई करायचीच असेल, तर ती जुन्या जागांवर करावी. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ३५० किलोवॉटची यंत्रे उभी राहिली. आज ३ मेगावॉटचे एक यंत्र क्षमतेने तशा आठांहून अधिक यंत्रांची जागा घेते. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये २ मेगावॉटपेक्षा लहान यंत्रे बदलण्याचे धोरणही आणले आहे. अडचण अशी की, मोठ्या पात्यांना दोन यंत्रांमध्ये जास्त अंतर लागते, जुनी यंत्रे अनेक मालकांची असतात, आणि त्यांना एका कागदावर आणणे हे नवा डोंगर विकत घेण्यापेक्षा किचकट ठरते. राजकीय पक्षांनी या ठिकाणी जोर लावला, तर नव्या सड्यांवरचा ताण कमी होईल, परंतु त्यात मोर्चा काढण्याजोगे काही नसते.

रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. मांडणीचा क्रम आता बदलतो. युरोप शेवटी, सातबारा आधी. नॉर्वेतील फोसेनच्या पवन प्रकल्पाचे प्रकरणही घेईन: तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सामी या मूलनिवासी समाजातील पशुपालकांच्या हक्कांचा भंग झाला म्हणून परवाने अवैध ठरवले, तोवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, आणि निकालानंतरही त्या फिरतच राहिल्या. शाहूवाडीकर, भरपाईच्या त्या सूचनेची प्रत आपल्याकडे मराठीत असेल तर कृपया कळवावे.

शाहूवाडीकर

माझ्याकडे इंग्रजी आहे. तलाठ्यांकडे मराठी मागितली होती. त्यांनी माझ्याचकडून झेरॉक्स काढून घेतली.