खिलार खोंड घरी टेम्पोत चढतो, बाजारात बुजतो. भीती रक्तातली की डोक्यातली?

आटपाडी_खिलार

खोंड १६ महिन्यांचा, वेसण घातलेली आहे. दोन महिन्यांपूर्वी टेम्पोच्या फाळक्यावर (साखळ्यांनी धरलेल्या मागच्या झडपेवर) पाय ठेवताच एका बाजूची साखळी सुटली, फाळका दणकन कलला आणि खोंड गुडघ्यांवर आला. जखम नव्हती. तेव्हापासून साखळी खणखणली की जागीच थिजतो, कान ताठ, लगेच पातळ शेण. मग गोठ्यापुढे टेम्पो लावून बारा दिवस वैरण हौद्यातच घातली. आता घरी आपणहून चढतो. पण खरसुंडीच्या बाजारातून परत निघताना, टेम्पो तोच, माणसं तीच, तरी पहिल्या दिवसासारखा बुजला.

बारा दिवसांचं शिकणं गेलं कुठं? आई गायही बुजरी आहे, म्हणजे हे रक्तातलंच असेल तर मेहनत वाया जाणार का? आणि गुंगीचं इंजेक्शन देऊन न्यावं का?

मेंदूविज्ञान_मिरज

शिकणं कुठंही गेलेलं नाही, दादा. ते गोठ्यापुढच्या अंगणातच राहिलं.

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत, अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. साखळीचा आवाज आणि गुडघ्यांना बसलेला दणका या दोन्ही खबरा तिथल्या त्याच पेशींवर येऊन पडल्या आणि त्यांची गाठ बसली. शेजारचा हिप्पोकॅम्पस 'हे कुठं घडलं' ते नोंदवतो. १९९२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत ही वाटणी स्पष्ट दिसली. अमिग्डाला निकामी केला तर आवाजाचीही भीती जाते आणि पिंजऱ्याचीही. हिप्पोकॅम्पस निकामी केला तर पिंजऱ्याची जाते, आवाजाची राहते.

तुमच्या बारा दिवसांनी ती गाठ सुटली नाही. कपाळामागच्या भागाने तिला आवर घालायला शिकून घेतलं: 'साखळी वाजली तरी इथं काही होत नाही.' ही वेगळी, दुसरी आठवण आहे, आणि तिच्यातला 'इथं' हा शब्द फार महत्त्वाचा. भीती जनावर जाईल तिथं सोबत नेतं, धीर मात्र शिकलेल्या जागेला चिकटून राहतो. म्हणून खरसुंडीत जुनी गाठ उघडी पडली. जागा तीच ठेवून नुसते काही आठवडे मध्ये गेले तरी भीती थोडी परत येते. त्याला खोंडाचा हट्ट समजू नका.

पैदास_कराड

रक्ताचा वाटा आहे, पण लोक समजतात तसा नाही. गाईबैलांच्या बुजरेपणाची अनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत मध्यम निघते आणि ती अनेक जनुकांत विखुरलेली असते. 'भीतीचं जनुक' असं एकच काही नाही.

जनुकं नेमकं काय करतात ते उंदरांत पाहा. क्रेब हे प्रथिन पेशीतली इतर जनुकं चालू करतं आणि आठवण पक्की होते. १९९४ साली त्यात बिघाड केलेल्या उंदरांना विजेच्या झटक्याची जागा अर्ध्या तासाने आठवत होती, दुसऱ्या दिवशी नाही. स्टॅथमिन हे जनुक अमिग्डालात जोमाने चालतं. ते काढून टाकलेले उंदीर उपजत भीतीतही कमी पडले आणि शिकलेल्या भीतीतही, हे २००५ सालचं काम. म्हणजे भीती किती लवकर बसते आणि किती घट्ट, यावर जनुकांचा हात असतो. कशाची भीती, हे अनुभव ठरवतो. साखळीची भीती आईच्या पोटातून आलेली नाही.

आई बुजरी असल्याने काही सिद्ध होत नाही. वासरू तिच्या मागे राहून तिचं बघून शिकतं. पैदाशीचा निर्णय घ्यायचा असेल तर या खोंडाचा बाप असलेल्या वळूची, दुसऱ्या गोठ्यांत वाढलेली वासरं बघा. वजनकाट्यावरून सुटल्यावर पहिले दोन मीटर कोण किती जोरात पळतं, एवढं मोजलं तरी बरंच कळतं.

पशुवैद्यक_तासगाव

आधी गुडघे तपासा. दोन्ही सांधे दाबून बघा, कडक जमिनीवर चालवा, पाऊल आखूड पडतंय का ते पाहा. दुखत असेल तर प्रत्येक चढण हा नवा दणका ठरतो आणि पुढचं सगळं फुकट जातं.

इंजेक्शन नको. झायलाझिन हे गुंगीचं औषध गाईबैलांना घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच लागू पडतं. जास्त झालं तर जनावर आडवं होतं, पोट फुगतं, पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. एसेप्रोमाझिन या दुसऱ्या औषधाने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. गुंगीत पाय लटपटून चालत्या टेम्पोत पडला तर गाठ आणखी पक्की.

आता शिकवणं. साखळी टेम्पोपासून वेगळी करा. खोंडापासून १५ मीटरवर एकाने ती एकदाच, हळू हलवायची आणि लगेच, एक-दोन सेकंदांत, दुसऱ्याने उसाच्या वाढ्याचा तुकडा किंवा मूठभर पेंड तोंडापुढे धरायची. क्रम सांभाळा: आधी आवाज, मग खाणं. उलटं केलंत तर पेंड दिसली की आता साखळी वाजणार, असं तो शिकेल आणि पेंडेलाही बुजेल. हौद्यात वैरण टाकून साखळी मध्येच वाजू देण्यात हाच धोका असतो.

सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पुरे. तो निवांत खात राहिला तर अंतर हळूहळू कमी करा. खाणं थांबलं, डोळ्याचं पांढरं दिसलं किंवा कान ताठ राहिले की अंतर जास्त कमी केलंय. पाच मीटर मागे जा. पुरता बुजलाच तर शांत व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात काही शिकवायला जाऊ नका. साखळीचा आवाज कानाशी आला तरी चरतोय असं दिसलं, मगच टेम्पो.

चढण २० अंशांपेक्षा जास्त नको. टेम्पो बांधाला मागून लावला तर फाळका जवळपास सपाट येतो. फाळक्यावर दर २० सेंटिमीटरला आडवी पट्टी ठोका, वर ओलं गोणपाट. हौद्यात अंधार असेल तर ताडपत्री पुढून उघडा. उजेडातून काळोखात पाय टाकायला गाईबैल कचरतात.

हे सगळं किमान चार-पाच जागी करा: शेतात, रस्त्याकडेला, शेजाऱ्याच्या दारात, एकदा दुसऱ्याच टेम्पोवर. सोबत शांत बैल असू द्या. 'इथं'चं 'कुठंही' व्हायला दुसरा मार्ग नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी एक उजळणी घ्या.

आटपाडी_खिलार

चढताना अडला तर वेसणीने ओढायचं का? आणि साखळीला सायकलची ट्यूब गुंडाळली तर आवाजच होणार नाही, मग शिकवायची गरज उरते का?

पशुवैद्यक_तासगाव

वेसण ओढू नका. नाकाची कळ आणि टेम्पो यांचीच गाठ पडेल. कासरा सैल धरून एका बाजूला, त्याच्या खांद्याच्या किंचित मागे उभे राहा. तिथून माणूस पुढे सरकला की जनावर मागे हटतं, मागे सरकला की पुढे जातं. बरोबर मागे उभं राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही.

ट्यूब जरूर गुंडाळा, पण फक्त नेण्याच्या दिवशी, तुमच्या टेम्पोला. बाजारात शेजारच्या दहा टेम्पोंच्या साखळ्या उघड्याच असतात. सरावाला उघडीच साखळी घ्या.