हंगामी शाळेची हेड व्हायचंय, कुठनं सुरुवात करू?

निपाणीची बाई: ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना शिकवते, आता संस्थावाले म्हणायलेत तूच हेड हो. बारा वर्षांची पोरगी पहिलीत बसवलीय, ती लाजून पाटीमागं तोंड लपवते, घरी मराठी आणि पुस्तक कन्नड. बीएडवर अजून कुठला कोर्स करू?

खानापूरकर: कोर्स र्‍हाऊ दे ओ मॅडम. २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, कलम ४ बघा, वयाप्रमाणं वर्ग आणि वर स्पेशल ट्रेनिंग, हक्कच हाय तिचा. पहिलीत बसवलीच कशी?

चिकोडी_मास्तर: सरकारी शाळेच्या व्यवस्थापन कमिटीत चारातले तीन मेंबर पालक लागतात, निम्म्या बायका, पण दुपारी मीटिंग लावली तर फडावरनं कोण येतंय? रात्री पालांवर जाऊन बसा, मजूर आणणाऱ्या मुकादमालाबी धरा.

निपाणीची बाई: मुकादमाचीच भीती वाटते ओ 😅