‘ट्रिगर करणे’ मराठीत कसं लिहाल? आणि ‘बंद’चा घोळ

तारजोड : एका छोट्या कंट्रोल मॉड्यूलची माहितीपुस्तिका मराठीत आणतोय आणि एका वाक्यापाशी अडलोय. मथितार्थ असा : डिजिटल इनपुटवर सिग्नल आला की मॉड्यूलने कुणी बटण न दाबता रिले २ (म्हणजे विजेच्या चुंबकाने हलणारा स्विच) ट्रिगर करायचा आणि ५ सेकंदांनी सोडायचा. मी लिहिलं, ‘अंकीय आदान सक्रिय झाल्यावर रिले २ स्वयंचलितपणे प्रवर्तित केला जाईल.’ वायरिंग करणाऱ्या मित्राला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “म्हणजे चालू होणार का बंद?” आता काय लिहू? ‘ट्रिगर’ला बरा शब्द सुचवा.

शब्दवेडी : इंग्रजीतला हा शब्द डच भाषेतून आला. तिथे ‘ट्रेकर’ म्हणजे ओढणारा. बंदुकीपुरतं आपल्याकडे चाप आहे, खटका आहे, घोडाही आहे. पण ‘चाप लावणे’ म्हणजे आवर घालणे, म्हणजे नेमकं उलटं. ‘खटका’ मला फार आवडतो, आवाजासकट येतो. पण ‘रिलेचा खटका उडाला’ म्हटलं की रिलेचं कुणाशी तरी भांडण झाल्यासारखं वाटतं. ‘कळ दाबणे’ चांगलं आहे, फक्त ते दाबणाऱ्या बोटाचं काम. इथे बोटच नाही. ‘प्रवर्तित’ मात्र कृपा करून काढा.

नामानिराळा : ‘आदान’ही काढा. इनपुट म्हणा, सगळे तेच म्हणतात. शेतीत ‘निविष्ठा’ रुळला कारण बियाणं-खतांना मिळून एक नाव हवंच होतं. इथे टर्मिनलवर छापलेलं एक अक्षर आहे आणि त्यात एक तार जाते.

रिलेबद्दल थोडं अवांतर. मूळ फ्रेंच शब्द शिकारीच्या किंवा प्रवासाच्या वाटेवर ठेवलेल्या ताज्या दमाच्या कुत्र्या-घोड्यांसाठीचा. १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्रीने केलं ते हेच : लांबच्या तारेतून येईपर्यंत प्रवाह थकतो, म्हणून त्या थकलेल्या प्रवाहाने फक्त एक चुंबक हलवायचं आणि पुढचं काम ताज्या बॅटरीने करायचं. आपल्याकडे टप्प्याटप्प्यावर घोडे बदलण्याच्या व्यवस्थेला ‘डाक’ म्हणत. म्हणजे खरा प्रतिशब्द तयार होता, पण तो पत्रांनी पळवला. उपोषणाला आपण ‘साखळी’ म्हणतो, रेडिओला ‘सहक्षेपण’, शर्यतीला नुसतं रिले. एकाच शब्दाची चार घरं, तेव्हा पाचवं बांधू नका.

खटपट्या : मंडळी, ट्रिगर राहू द्या, तुमच्या मित्राचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. “चालू का बंद?” या ‘बंद’नेच पुस्तिका धोकादायक होतात.

आपण ‘दिवा बंद कर’ म्हणतो तेव्हा वीज थांबते. शाळेच्या पुस्तकातला ‘बंद परिपथ’ म्हणजे मात्र वीज वाहतेय. नळ उघडा असला की पाणी येतं, स्विचचा संपर्क उघडा असला की वीज येत नाही. आता रिलेच्या एनसी (नॉर्मली क्लोज्ड) टर्मिनलला ‘सामान्यतः बंद’ लिहा आणि वाचणाऱ्याला तिथे वीज नाही असं वाटू द्या. तो बिनधास्त हात लावेल. हे मी झालेलं पाहिलंय. सुदैवाने फक्त झटक्यावर निभावलं.

म्हणून मी कधीच बंद-उघडा लिहीत नाही. संपर्क ‘जुळलेला’ किंवा ‘सुटलेला’ लिहितो. यात नळही येत नाही, दारही येत नाही.

आणि त्यातला ‘सामान्यतः’ही फसवा. त्याचा अर्थ ‘बहुतेक वेळा’ असा नाही, ‘कॉइलला (रिलेतल्या चुंबकाच्या वेटोळ्याला) वीज नसताना’ असा आहे. एखादा रिले वर्षभर उचललेला, म्हणजे कॉइलला वीज असलेला, असेल, तरी त्याचा एनसी संपर्क एनसीच, आणि तो वर्षभर सुटलेलाच.

तारजोड : जुळलेला-सुटलेला घेतलं! मग रिलेचं काय लिहू? चालू होतो?

खटपट्या : पॅनेलपाशी उभे असलेले लोक ‘रिले उचलला’ आणि ‘रिले सुटला’ म्हणतात. संपर्क वितळून अडकले तर ‘चिकटला’. तीन क्रियापदांत रिलेचं अख्खं आयुष्य. मात्र रिले आणि संपर्क दोघेही ‘सुटले’ तर गोंधळ होईल, म्हणून रिलेला ‘उचलतो-सोडतो’ आणि संपर्काला ‘जुळतो-सुटतो’ असं वाटून टाका.

शब्दवेडी : वा, म्हणजे ‘ट्रिगर’ला नाम नकोच होतं. आता तुमच्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे बघा. ‘झाल्यावर’ निसरडा आहे. सिग्नल आला त्या क्षणी एकदाच काम करायचं, की सिग्नल आहे तितका वेळ करत राहायचं? मराठीत दोन्ही साधं आहे : ‘सिग्नल आला की’ आणि ‘सिग्नल आहे तोवर’. शिवाय ‘सिग्नल गेला की’. ‘झाल्यावर’मध्ये पहिली दोन्ही मिसळतात.

खटपट्या : अगदी! तांत्रिक भाषेत यालाच एज आणि लेव्हल म्हणतात, आणि नवशिक्यांना ते समजावताना घसा कोरडा पडतो. ‘आला की’ आणि ‘आहे तोवर’ म्हटलं असतं तर चहा प्यायला वेळ उरला असता.

एक पुस्ती. ‘आला’ म्हणजे किती आला, तेही लिहा. २४ व्होल्टच्या टाइप १ इनपुटला ५ व्होल्टपर्यंत शून्य (सिग्नल नाही) धरतात आणि १५ च्या वर एक (सिग्नल आहे). मधल्या पट्ट्यात काहीही ग्राह्य. आणि साध्या बटणाचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकदा दाबलं तरी मॉड्यूलला सिग्नल चारदा ‘आला’ असं दिसू शकतं. ‘सलग २० मिलिसेकंद राहिला तरच आला असं समजावं’ अशी ओळ बऱ्याच भांडणांतून वाचवते. आकडा अर्थात तुमच्या मॉड्यूलचा टाका.

नामानिराळा : ‘स्वयंचलितपणे’ गेलं का? ‘आला की’मध्ये ते आलंच. ‘आपोआप’ही नको, त्यात कारण नसल्याचा वास येतो आणि इथे तर कारण तारेने जोडलंय.

तारजोड : असं केलं : ‘इनपुट १ वर सिग्नल आला की मॉड्यूल रिले २ उचलतो आणि ५ सेकंदांनी सोडतो. या ५ सेकंदांत एनओ (नॉर्मली ओपन) संपर्क जुळलेला आणि एनसी संपर्क सुटलेला असतो.’ मित्राला पाठवलं. त्याने ‘बरं’ म्हटलं आणि लगेच विचारलं : मॉड्यूलची वीज जाऊन परत आली आणि सिग्नल तिथे आधीपासूनच असेल, तर तो ‘आला’ म्हणायचा की नुसता ‘आहे’?

शब्दवेडी : हे मराठीला विचारू नका.

खटपट्या : बनवणाऱ्यांनाच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत रिले २ ला मोटर जोडू नका.